पाणी न लागणारं झाड

गुरुवार रात्र, सॅन होजे

ताईच्या दारात चपलांच्या कपाटावर एक फुलदाणी असते. तिच्यात हिरवीगार, पिसांसारखी एक जुडी. मी या घरी तिसऱ्यांदा आलो आणि तिसऱ्यांदाही जुडी होती तेवढीच. एक पान गळलेलं नाही की एक नवं फुटलेलं नाही.

"याला पाणीच लागत नाही," ताई म्हणाली. "ऊनही नको. आठ डॉलरला आणलं होतं, सहा वर्षं झाली."

"मग ते प्लॅस्टिक आहे," भावोजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"खरं झाड आहे हो. सोबत चिठ्ठी होती. एअर फर्न!"

दोघंही चुकत होते. मी छापखान्यातला माणूस, ठिपके तपासायचं दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या खिशात असतंच. एक काडी उचलली, दिव्याखाली धरली आणि नऊ वर्षांच्या भाचीच्या हातात भिंग दिलं. काडीवर दाटीवाटीने बसवलेले इवलेसे पेले. सगळे रिकामे.

प्रत्येक पेल्यात एकेकाळी एक जीव राहत होता. ही जुडी म्हणजे सर्ट्युलॅरिया नावाच्या हायड्रॉइडची वसाहत. युरोपात उत्तर समुद्राच्या उथळ तळावरून ही ओढून काढतात, वाळवतात, हिरव्या रंगात बुडवतात आणि झाड म्हणून विकतात. पाणी कशाला लागेल? जेलीफिशच्या नात्यातल्या एका प्राण्याचा हा रंगवलेला सांगाडा.

"म्हणजे मेलंय?" भाचीने विचारलं.

"तुझी आई घेऊन आली त्याच्याही आधी."

"मी सुरुवातीला याच्यावर पाणी शिंपडायचे रे," ताई हळूच म्हणाली.

भाचीला आता जिवंत बघायचं होतं. हीच जात इथे दाखवता आली नसती, पण याच घराण्यातला एक देखणा भाऊबंद दीड तासावर, मॉन्टेरेच्या खडकांवर राहतो. अ‍ॅग्लाओफेनिया स्ट्रुथिओनिडिस. स्ट्रुथिओ म्हणजे शहामृग. १८६० साली अँड्र्यू मरे याने हे नाव ठेवलं, आणि इथले लोकही त्याला शहामृगाचं पीसच म्हणतात. खरं सांगायचं तर ओहोटीचं वेळापत्रक मी विमानात बसायच्या आधीच पाहून ठेवलं होतं. भाचीने विचारलं नसतं तर मीच विषय काढणार होतो.

शुक्रवार, मॉन्टेरे

१०१ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला, गिलरॉयपाशी गाडीत शिरणारा लसणाचा वास, मग कॅस्ट्रोव्हिल आणि तिथून समुद्र. सॅन होजेत अंग भाजत होतं, मॉन्टेरेत उतरल्या उतरल्या स्वेटर. जून महिना, आणि दुपारी बारा वाजता धुकं. उन्हाळ्यात वाऱ्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं गार, खतावलेलं पाणी वर येतं. धुकं त्या गारव्याचंच. खडकांवर जीवांची जी खच्चून गर्दी असते तीही त्याच पाण्यामुळे, त्यामुळे धुक्याबद्दल कुरकुर करायची नाही असं मी सगळ्यांना बजावलं. भावोजींनी तरी केलीच.

दुपार मत्स्यालयात गेली. जुन्या सार्डिनच्या कारखान्याच्या जागी १९८४ साली उघडलेलं हे मत्स्यालय आणि त्यातली २८ फूट उंच केल्पची, म्हणजे झाडाएवढ्या वाढणाऱ्या समुद्री शैवालाची टाकी, याविषयी एवढं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. निळ्या अंधारातल्या जेलीफिशपुढे मात्र आम्ही बराच वेळ उभे होतो. लोक तिथे कुजबुजत बोलतात, देवळातल्यासारखे. मी भाचीला सांगत होतो की हायड्रॉइडांच्या बऱ्याच जाती अशाच बारीक जेलीफिश सोडतात. वसाहत खडकाला चिकटलेली, आणि पिल्लं पोहायला मोकळी. आपण शोधतोय ते पीस मात्र तसं करत नाही. ते काय करतं?

"ते परवा."

"उद्या का नाही?"

"सापडलं तर उद्या."

बाहेर पडल्यावर त्याच रस्त्याला एक लाकडी, काळपट, दोन इमारतींच्या मधे दडपलेलं घर लागतं. एड रिकेट्सची प्रयोगशाळा. शाळा-कॉलेजांना समुद्री प्राण्यांचे नमुने पुरवण्याचा त्याचा धंदा होता, आणि धंदा करता करता या किनाऱ्यावर कोणता जीव कुठल्या पातळीवर, कुठल्या लाटेच्या माऱ्यात राहतो हे त्याने ओहोट्यांमागून ओहोट्या घालवून टिपलं. १९४८ साली इथून जवळच रूळ ओलांडताना त्याच्या गाडीला आगगाडीने धडक दिली आणि त्यात तो गेला. रूळ आता नाहीत, त्या वाटेवर लोक सायकली चालवतात. त्या कोपऱ्यावर त्याचा अर्धपुतळा आहे आणि कोणीतरी त्याच्या हातात ताजं फूल खोचून ठेवलं होतं.

शनिवार, असिलोमार

पहाटे सव्वाचारला गजर. इथे दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात. एक बरीच खोल, दुसरी थातूरमातूर. रोजच्या त्या खोल ओहोटीची सरासरी म्हणजे शून्य. पाणी त्याच्याही खाली गेलं की आकडा उणे. अमावस्या नुकतीच झालेली, आज ५ वाजून २४ मिनिटांनी उणे दीड फूट. वर्षातून फार थोड्या वेळा उघडी पडणारी जमीन आज तासभर उघडी असणार होती. उन्हाळ्यात या खोल ओहोट्या पहाटेच येतात, हिवाळ्यात दुपारी. भावोजी म्हणाले, मग आपण हिवाळ्यात यायला हवं होतं.

डोक्याला बॅटऱ्या लावून आम्ही उतरलो. कोणी बोलत नव्हतं. खडकांवर पसरलेलं हिरवं सागरी गवत तेल चोपडल्यासारखं निसरडं असतं, आणि ते मी सांगेपर्यंत भावोजी बसलेले होते. पाण्यात. लागलं काही नाही, पण फोन त्याच खिशात होता.

ओलं कातळ, वास आयोडीनचा आणि कुजक्या केल्पचा. हिरवी समुद्रफुलं मिटून गोळा झालेली, भाचीने एकाच्या शेजारी बोट नेलं आणि मागे घेतलं. पाठीवर आठ पाट्यांचं चिलखत घातलेले कायटन खडकाला चिकटलेले. उजाडता उजाडता एका डबक्याच्या तळाशी मला ते दिसलं: गुलाबी, फांद्याफांद्यांचं, दोन्ही बाजूंना पिसासारखं फुटलेलं. मी ओरडलोच. फोटो काढले, भाचीला वाकवून दाखवलं, पाण्याखालचा एकपेशीय नव्हे तर बहुपेशीय, एकटा नव्हे तर एकत्र, असं एक छोटं व्याख्यानही झोडलं.

तिने पाण्यावर आलेल्या एका फांदीला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"मामा, पेले कुठायत?"

पेले नव्हते. होते ते चुन्याचे मणी, एकाला एक सांध्याने जोडलेले. मी "अजून उजेड कमी आहे" असं काहीतरी बोललो.

सहा-सव्वासहाला पाणी फिरलं. समुद्राकडे पाठ करायची नाही हा इथला पहिला नियम, अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांपेक्षा दुप्पट आत येते. ती आली, आम्ही वर चढलो, संपलं.

खोलीवर येऊन फोटो मोठे करून पाहिले तेव्हा मान खाली घातली. ते पीस नव्हतंच. ते कोरलाइन शैवाल, पेशींच्या भिंतींत चुना साठवणारी चक्क वनस्पती. घरी झाड समजून आणलेला प्राणी, आणि इथे प्राणी समजून फोटो काढलेलं झाड!

या चुकीत मी एकटा नाही, एवढं समाधान. जॉन एलिस नावाचा लंडनचा एक व्यापारी होता. १७५१ साली त्याच्याकडे वेल्स आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवरून सागरी शेवाळं आणि असली पिसं आली. त्याने काय करावं? ती कागदावर चिकटवून देखावे केले. ही झाडं, हे डोंगर, असे. म्हणजे फुलदाणीचाच प्रकार. कोणीतरी सुचवलं की आणखी करा, मग आणखी नमुने आले, आणि नीट लावता यावेत म्हणून त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. झाडांवर पेले दिसले. मग बाबा सूक्ष्मदर्शक घेऊन थेट किनाऱ्यावर गेला, ताजी पिसं समुद्राच्या पाण्यात ठेवली आणि पेल्यांतून हात बाहेर येताना पाहिले. १७५५ साली त्याने पुस्तकच काढलं की हे प्राणी आहेत. बरोबरच होतं. पण त्याच झपाट्यात त्याने चुनेरी शैवालांनाही प्राणी ठरवून टाकलं, आणि जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियससारख्या माणसानेही ते मानलं. अडीचशे वर्षांनंतर मी असिलोमारला तेच करून आलो.

भाचीला ही गोष्ट फार आवडली, विशेषतः मी चुकलो हा भाग.

फोन तांदळात ठेवला. संध्याकाळपर्यंत बंदच होता.

रविवार, पॉइंट पिनोस

आज ६ वाजून ९ मिनिटं, उणे १.४. जागा बदलली. पॉइंट पिनोसचा दीपस्तंभ १८५५ पासून पेटतोय, पश्चिम किनाऱ्यावर सलग चालू असलेला सगळ्यात जुना. त्याच्या समोरच्या टोकाला खडकांनी वेढलेलं एक मोठं डबकं आहे. तिथे लाटेचा मारा जास्त, आणि शहामृगाच्या पिसाला मारा लागतो. कारण साधं आहे. जो जन्मभर एका जागी खिळलेला, त्याचं जेवण त्याच्यापर्यंत चालत यायला हवं, आणि ते आणून देणारी फक्त लाट. काल मी शांत डबक्यात वाकलो होतो, हे चुकलं होतं.

भावोजी आज गाडीत बसले. ताई आली.

शोधायला वीस मिनिटं लागली आणि सापडलं ते ताईला. खडकाचा समुद्राकडचा एक कोपरा खालून पोखरलेला होता, छज्जासारखा पुढे आलेला. त्याच्या खालच्या अंगाला काहीतरी लोंबत होतं.

"हे भिजलेल्या कोंबडीसारखं काय आहे?"

तेच! बोटाएवढी लांब, तपकिरी-सोनेरी पिसांची एक जुडी, पाण्याबाहेर असल्यामुळे एकमेकांना चिकटून खाली पडलेली. खरंच भिजलेली कोंबडी. शहामृग वगैरे काही नाही. मी एवढ्या लांबून ज्यासाठी आलो ते हे, असं ताईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

या किनाऱ्यावरून काही उचलायला मनाई आहे, जीव तर नाहीच, शिंपला किंवा खडाही नाही. त्यामुळे भिंग पिसाकडे न्यायचं, पीस भिंगाकडे नाही. मी पाठीवर आडवा झालो, डोकं छज्जाखाली घातलं, कॉलरमधून गार पाणी पाठीवर उतरलं, आणि दिसलं.

मधे एक कणखर दांडी. तिच्या दोन्ही अंगांना, एक इकडे एक तिकडे, केसासारख्या उपफांद्या. आणि प्रत्येक उपफांदीच्या एकाच बाजूला ओळीने पेले, बारीक दातेरी काठाचे, एकाला खेटून एक. एका उपफांदीवर मी मोजले, तेवीस. अशा उपफांद्या एका पिसावर सत्तरेक तरी असाव्यात. म्हणजे माझ्या नाकासमोर लोंबणाऱ्या एका पिसात दीड हजाराच्या वर तोंडं, आणि जुडीत अशी दहा-बारा पिसं. सगळी तोंडं एकाच पोटाची. दांडीच्या आतून एकच पोकळी सगळीकडे फिरते, एकाने गिळलेलं सगळ्यांना पोचतं. या सगळ्याची सुरुवात एका इवल्याशा अळीपासून. ती खडकावर बसली, तिचा एक पॉलिप, म्हणजे पेल्यात राहणारा तोंडवाला जीव झाला, त्याला कोंब फुटला, त्याला कोंब. वेगवेगळे लोक नव्हेत, एकच माणूस दीड हजार वेळा.

प्रत्येक पेल्याला तीन राखणदार असतात, एक पुढे, दोन बाजूंना. त्यांना तोंड नाही. छोट्या नळीतून बाहेर येणारं बोट, आणि बोटात डंखपेशी. या पेशीत गुंडाळलेला दोरा असतो, धक्का लागला की सुटतो. गोड्या पाण्यातल्या हायड्रावर वेग मोजलाय: काटा बाहेर पडायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ. पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवाला पळायला वाव नाही. माणसाच्या बोटाला या पिसाचं काही जाणवत नाही. उष्ण समुद्रातला याचा पांढरा भाऊबंद, मॅक्रोऱ्हिंकिया, मात्र पाणबुड्यांना चांगली भाजणारी आठवण देतो, तेव्हा समुद्रात पीस दिसलं की गोंजारायचं ही सवय नको.

"मामा, माझी पाळी."

ती छज्जाखाली माझ्याहून सहज शिरली. थोड्या वेळाने आतून आवाज आला की पेल्यांत कोणी नाही. होते, पण दार लावून. पाणी नसताना पॉलिप आत दबून बसतात. त्यांना बघायचं तर पाण्याखालची जुडी हवी. ती दोन हातांवर खालच्या फटीत होती, पाऊण हात पाण्यात. इथे आमचं दुसरं हत्यार कामी आलं: पारदर्शक प्लॅस्टिकचा जेवणाचा डबा. तळ पाण्यावर किंचित दाबला की पृष्ठभागाचा चकचकाट जातो आणि खिडकी उघडते.

खिडकीत शहामृग होता. मघाची कोंबडी पाण्यात उलगडून उभी राहिली होती. लाट आत आली की सगळी पिसं एका दिशेला झुकायची, लाट परतली की सावकाश उलट. कुठे तुटायचं नाही, कुठे गुंतायचं नाही. ताई माझ्या खांद्यावरून बघत होती, आणि तिने पहिल्यांदाच "अगं बाई" म्हटलं.

मोबाइल पिशवीत घालून, त्यावर जवळचं दाखवणारी चिमटा-काच लावून मी हात पाण्यात सोडला. बारा-तेरा अंशांचं पाणी, दोन मिनिटांत बोटं कोणाची हे कळेना. चाळीसेक फोटोंत एकच धड आला. त्यात उपफांदीच्या एका कडेला धूसर पांढरी लव दिसते. ती लव म्हणजे उघडलेले पॉलिप. तेवढंच. याहून चांगलं मला काढता आलं नाही.

दुसऱ्या एका फोटोत न मागता दोन गोष्टी मिळाल्या. एक, पिसावर मधेच, उपफांदीच्या जागी, शेंगेसारखी फुगीर टोपली. शुक्रवारच्या प्रश्नाचं उत्तर. ही जात जेलीफिश सोडतच नाही. उपफांदीच्या बरगड्या वाकवून ही टोपली विणते, आत अंडी वाढतात, आणि तयार झालेल्या अळ्या तिथून बाहेर पडून जवळपासच्या कातळावर बसतात. लेकरांना समुद्रावर सोडून देण्याऐवजी अंगणात वाढवणारं घराणं.

दुसरी गोष्ट आधी मला कचरा वाटली. पिसाच्या रंगाचाच, काटक्यांचा एक गुंता. भाचीने पाय मोजले, आठ. सागरी कोळी. आपल्या जाळ्यातल्या कोळ्याचा हा सख्खा नव्हे, आणि याला शरीर जवळजवळ नसतंच, नुसते पाय. हायड्रॉइडांवर राहतो आणि सोंड खुपसून त्यांनाच पितो. डंखपेशींच्या त्या जंगलात बिनधास्त. याच्या पोटाखाली फिकट गोळे चिकटलेले होते, म्हणजे बाबा. यांच्यात अंडी नर सांभाळतो.

"आणि भावोजी गाडीत झोपलेत," ताई म्हणाली.

पावणेसातला छज्जा परत पाण्याखाली गेला. वर चढताना बाहेर केल्पमध्ये एक पाणमांजर उताणं तरंगत पोटावरच्या दगडावर शिंपला आपटत होतं. ठक ठक ठक. लोक कॅमेरे काढून तिकडे धावले. आमच्या छज्जाकडे कोणी पाहिलं नाही.

सोमवार, पॉइंट लोबोस आणि परत

ओहोटी सातच्या सुमाराला, आणि पॉइंट लोबोसचं फाटक आठला उघडतं. म्हणजे आज खडक बुडालेलेच बघायचे. भावोजी खूश. चांगली झोप, मग सरळ वाटेवरून फेरफटका, सायप्रसची झाडं, दूर समुद्रसिंहांचं भुंकणं. इथलं पाणी १९६० पासून राखीव आहे, पाण्याखालचं राखीव क्षेत्र म्हणून देशातलं पहिलं. व्हेलर्स कोव्हला काही पाणबुडे बाहेर येत होते. त्यांच्यातल्या एकीला मी फोटो दाखवून विचारलं, हे दिसलं का? ती हसली आणि दोन्ही हात पसरून दाखवलं, भिंतीच्या भिंती.

पोहता येत नाही याचं मला आयुष्यात पहिल्यांदा खरं वाईट वाटलं.

संध्याकाळी सॅन होजे. दार उघडलं, चपला काढल्या, समोर फुलदाणी. ताई क्षणभर थबकली.

"आता याचं काय करायचं रे? टाकायचं कसं?"

"राहू दे की," भावोजी म्हणाले. "पाणी तर लागत नाही."

भाचीने दप्तरही न उतरवता काडी घेतली, माझ्या खिशातून भिंग काढलं आणि दिव्याखाली बसली. जेवायला बोलावलं तरी उठेना. मग आतूनच ओरडली.

"मामा! याचे पेले दोन्ही बाजूंना आहेत! कालच्याचे एकाच बाजूला होते!"

मी जाऊन पाहिलं. फांदीच्या दोन्ही अंगांना, दोन रांगा. गुरुवारी मी हीच काडी भिंगातून पाहिली होती आणि हे मला दिसलं नव्हतं. ती आता एका फांदीवरचे पेले मोजत होती, पेन्सिलीच्या टोकाने, एकेक. ६४ वर चुकली आणि परत एकपासून लागली.